अंगणाच्या मापाचे झाड
हैदराबाद परिसरातील अनुभव व मराठवाड्यासाठी त्याचा उपयोग

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या काठी, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, चिंचेचे एक पुरातन झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. त्या दिवशी या झाडाच्या फांद्यांचा आश्रय घेतलेल्या सुमारे दीडशे लोकांचे प्राण वाचले. त्या शहरात महावृक्षांविषयी आजही जो आदर आढळतो, त्यामागे अशा आठवणी आहेत. बशीरबाग, जामबाग यांसारखी वस्त्यांची नावेच बागांवरून पडलेली आहेत आणि सार्वजनिक उद्यान म्हणून ओळखली जाणारी 'बाग-ए-आम' तर १८४६ पासूनची आहे.

परंतु वस्त्यांच्या नावात बाग असलेल्या या शहरात सर्वसामान्य कुटुंबाचा भूखंड आता दोनशे चौरस वारांचा, म्हणजे साधारणतः तीस फूट रुंद व साठ फूट लांब असतो. घर बांधून झाल्यावर दर्शनी बाजूस आठ-दहा फुटांची पट्टी शिल्लक राहते. तिच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्यात वाहन आणि डोक्यावर विजेच्या तारा. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतील नव्या वसाहतींचे चित्रही याहून निराळे नाही. अशा जागेत चिंच किंवा वड लावता येत नाही. पण झाड लावण्याची हौस मात्र असते, आणि ती असावीही. ही हौस बहुधा रोपवाटिकेतील फुललेले रोप पाहून पूर्ण केली जाते. दहा-बारा वर्षांनी त्या रोपाचा वृक्ष होतो, भिंतीला तडा जातो, फांद्या तारांना लागतात आणि झाड ऐन भरात आलेले असताना त्यावर कुऱ्हाड चालवण्याची वेळ येते. तीही सहजासहजी चालवता येत नाही. महाराष्ट्राच्या शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनविषयक अधिनियमान्वये, तर तेलंगणात २००२ च्या जल, भूमी व वृक्ष अधिनियमान्वये, परवानगी घेतल्यावाचून झाड तोडता येत नाही. झाडाच्या निवडीत झालेली चूक पुढे सुधारणे म्हणूनच अवघड असते. सुधारली तरी ती झाडाच्या जिवावर सुधारावी लागते.

हैदराबादचा अनुभव मराठी वाचकांपुढे ठेवण्यास कारण आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. राज्यपुनर्रचनेत सीमा बदलली, हवा बदलली नाही. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतील मंडळी औषधोपचारासाठी, शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी तेथे नित्य जात-येत असतात आणि परतताना अनेकांच्या हाती एखादे रोपही असते.

हवा आणि जमीन

हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. वर्षाकाठी पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातील बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. येथील जमीन ग्रॅनाइटच्या खडकावर तयार झालेली, तांबूस, रेताड आणि बहुतेक ठिकाणी उथळ आहे. तेलुगू भाषेत तिला 'चल्का' म्हणतात. पाणी तिच्यातून लवकर निचरून जाते आणि दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, क्वचित सरळ कातळच लागतो.

पश्चिमेकडे मराठवाड्यात येऊ लागल्यावर काळ्या दगडाचा प्रदेश सुरू होतो व जमीन काळी, चिकण होते. नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोली भागात मात्र हैदराबादसारखाच ग्रॅनाइट आढळतो. हा भेद लहान दिसला तरी झाडाच्या दृष्टीने निर्णायक आहे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुळांशी साचून राहते, उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून मुळे तोडते. चल्का जमिनीत झाड कुजत नाही, पण मार्चनंतर त्याला पाणी दिले नाही तर टिकतही नाही. तेव्हा एका गावी चांगले आलेले झाड शेजारच्या तालुक्यात तसेच येईल, अशी खात्री कोणी देऊ नये.

आपल्या जमिनीची परीक्षा घरच्या घरी करता येते. दोन फूट खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर निचरा वाईट आहे असे समजून झाड उंचवट्यावर लावावे. तासाभरातच पाणी नाहीसे झाले तर खड्ड्यात गाळाची माती व शेणखत अधिक घालावे.

कोणती झाडे टाळावीत

गुलमोहर हा मादागास्करचा पाहुणा. मे महिन्यात तो फुलला म्हणजे त्याच्या तोडीचे दुसरे झाड दिसत नाही, हे खरे आहे. पण त्याची मुळे वरच्या थरात पसरतात, फरशी उचलतात, आणि वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या मोडतात. सोनमोहर, बुच आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी बहरणारा टॅबेबुइया यांचीही शोभा मोठ्या रस्त्याच्या कडेलाच असते. बुचाच्या मुळांपासून नवे फुटवे येत राहतात व त्याचे लाकूड ठिसूळ असते. फुले सुगंधी आहेत एवढ्यासाठी ते खिडकीखाली लावणे शहाणपणाचे नाही.

कोनोकार्पसचा स्वतंत्र उल्लेख करणे आवश्यक आहे. तेलंगण राज्यात ३ जुलै २०१५ रोजी 'हरितहारम' ही वृक्षारोपणाची मोठी मोहीम सुरू झाली. हैदराबाद शहराला २०२२ साली कोरियातील जेजू येथे जागतिक हरित शहर हा पुरस्कारही मिळाला. रस्त्यांच्या दुभाजकांत व वसाहतींत या काळात कोनोकार्पस मोठ्या प्रमाणात लावला गेला, कारण तो लवकर वाढतो, सदा हिरवा राहतो आणि जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. पुढे त्याच्या परागकणांमुळे होणारा त्रास आणि नळ-गटारांत शिरणारी मुळे यांविषयी तक्रारी होऊ लागल्या. गुजरातच्या वनविभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मोहीम चांगली असली तरी झाड चांगले असतेच असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. आपल्याकडील शाळा व ग्रामपंचायतींना कुंपणासाठी ही रोपे स्वस्तात देऊ केली जातात. ती न घेणेच बरे.

अंगणात शोभणारी झाडे

लहान जागेसाठी पहिले नाव पारिजातकाचे घ्यावे लागते. पूर्ण वाढ झाली तरी हे झाड बहुधा पंधरा-वीस फुटांच्या पुढे जात नाही, आणि छाटणी करून त्याला दहा-बारा फुटांवरही ठेवता येते. संध्याकाळी फुले उमलतात, पहाटे गळतात. म्हणून ते जेथे सडा पडलेला आवडेल तेथे लावावे, वाहनाच्या जागेवर नव्हे. अर्धवट सावली त्याला चालते. दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत, जेथे ऊन चार-पाच तासच येते, तेथेही ते फुलते. पाने खरखरीत असतात व उन्हाळ्यात झाड काहीसे उदास दिसते. तेव्हा ते मेले असे समजून पाणी तोडू नये. पहिल्या पावसानंतर ते पुन्हा सावरते. बहर संपल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस, हलकी छाटणी करावी.

चाफा मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा, परंतु देवळांच्या आणि दर्ग्यांच्या आवारात तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणे कोणास पटणार नाही. हैदराबादच्या मुरमाड जमिनीत याच्याइतके कमी पाण्यावर फुलणारे झाड क्वचितच सापडेल. जाड फांदी कापून ती आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यावी, चीक वाळला म्हणजे लावावी. ताजी फांदी ओल्या जमिनीत लावली तर कुजते. काळ्या जमिनीत चाफा मातीच्या उंचवट्यावरच लावावा. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी तांबेरा दिसतो. अशी पाने गोळा करून जाळावीत. हिवाळ्यात ज्याची पाने झडतात तो चाफा आणि गोल टोकाच्या पानांचा, बराच काळ हिरवा राहणारा चाफा अशा दोन जाती प्रामुख्याने मिळतात. ज्यांना ओकीबोकी झाडे पाहवत नाहीत त्यांनी दुसरी घ्यावी. वास्तविक पहिल्या जातीच्या निष्पर्ण फांद्यांनाही एक डौल असतो, पण तो प्रत्येकाच्या नजरेत भरत नाही.

कांचन व आपटा ही एकाच कुळातील झाडे आहेत. महाराष्ट्रात दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने दिली जातात, तर तेलंगणात त्याच दिवशी 'जम्मी' म्हणजे शमीची पाने देण्याची रीत आहे. शमी हा तेलंगणाचा राज्यवृक्षही आहे. आपल्याकडे बाजारात आपट्याऐवजी कांचनाची पाने खपवली जातात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि या हौसेपायी रानातील आपटा दरवर्षी ओरबाडला जातो. शाळेच्या आवारात एक आपटा लावला तर हा प्रश्न मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल. आपटा हळू वाढतो, बुटका व वाकडातिकडा राहतो, हलक्या जमिनीत तग धरतो. कांचन त्यापेक्षा उंच, वीस-पंचवीस फुटांपर्यंत जातो. त्याला भिंतीपासून किमान दहा फूट अंतर हवे. तेवढी जागा नसल्यास पिवळा कांचन घ्यावा. तो दहा-बारा फुटांवर थांबतो.

बहावा लहान झाडांत मोडत नाही, मध्यम म्हणता येईल. पण ज्यांच्या अंगणात पंधरा फुटांची मोकळी जागा आहे त्यांनी गुलमोहराऐवजी त्याचा विचार अवश्य करावा. त्याचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे मोठे झालेले रोप उपटून दुसरीकडे लावणे त्याला मानवत नाही. गुडघ्याएवढे रोप घ्यावे किंवा बी पेरावे. बियांचे कवच कठीण असते, ते एका बाजूस दगडावर घासले म्हणजे उगवण चांगली होते. पहिली दोन-तीन वर्षे बहावा वाढतो की नाही अशी शंका येते. त्या काळात तो खाली मुळे पसरवीत असतो.

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, म्हणून ते लावण्याचा आग्रह सरकारी कार्यालयांत धरला जातो. आग्रह समजण्यासारखा आहे, पण ताम्हण हे कोकणातील ओढ्याकाठचे झाड आहे. जेथे मे महिन्यात टँकरने पाणी आणावे लागते तेथे ते लावून वाळवण्यात राज्यपुष्पाचा गौरव होत नाही. याच कुळातील 'सावनी' या नावाने मिळणारे आठ-दहा फुटांचे झाड, त्याला हवे ते ऊन मिळाल्यास, लहान अंगणात चांगले फुलते. सीता अशोकाचीही गोष्ट तीच. त्याला सावली व ओल लागते, पठारावरच्या उघड्या उन्हात त्याची पाने करपतात.

शंकासुर सहा ते दहा फुटांचा, काटेरी, बियांपासून सहज येणारा आणि वर्षाचा मोठा भाग फुललेला असतो. कुंपणाजवळ तो उत्तम. कुंती अथवा कामिनी ही दाट पानांची, पांढऱ्या सुगंधी फुलांची असून तिला छाटून हवा तो आकार देता येतो. मात्र जालना, छत्रपती संभाजीनगर या मोसंबीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. मोसंबीला ग्रीनिंग हा रोग पोहोचवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवर व कढीपत्त्यावरही वाढते. बागेच्या बांधाला कुंती लावणे म्हणजे किडीला आश्रय देणे होय.

सीताफळाला कोणी शोभेचे झाड म्हणत नाही. तरीही बारा-पंधरा फुटांची उंची, कमी पाणी, आणि शेळ्या पाने खात नाहीत ही सोय, यांमुळे खेड्यातील परसात त्याला तोड नाही. हैदराबादच्या दक्षिणेकडील बालानगर येथील सीताफळ प्रसिद्ध आहे, तसेच बीडचेही.

तरवड

एका झाडाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ते कोणत्याही रोपवाटिकेत सहसा दिसत नाही. मराठवाड्याच्या माळरानावर, बांधावर, रेल्वेच्या कडेला पिवळ्या फुलांचे जे झुडूप आपोआप वाढते तो तरवड. चामडे कमावण्यासाठी त्याची साल पूर्वापार वापरली जाते, एवढीच बहुतेकांना त्याची ओळख. तेलंगणात त्याला 'तंगेडू' म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. नवरात्राच्या सुमारास तेथील स्त्रिया तंगेडू, कुरडू व इतर रानफुलांची उतरंड रचून 'बतुकम्मा' साजरी करतात. आपल्याकडे ज्याला जळणाची किंमत त्याला तेथे देवीचा मान. तरवड सहा-आठ फुटांपर्यंत वाढतो, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, एकदा रुजल्यावर पावसाच्या पाण्यावर तो जगतो. पावसाळ्याच्या आरंभी बी जागेवरच पेरावे, रोप हलवू नये. त्याचे आयुष्य फार नसते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी शेजारी नवे बी टाकत राहावे. पाण्याची अजिबात सोय नसलेल्या शाळांसाठी याहून सोपे फुलझाड सापडणे कठीण आहे.

नावांतील घोटाळा व विषारी झाडे

हैदराबादेत रोप विकत घेताना तेलुगू नावे कानावर पडतात. रेला म्हणजे बहावा, देवगन्नेरू म्हणजे चाफा, गन्नेरू म्हणजे कण्हेर आणि पच्चगन्नेरू म्हणजे बिट्टी. शेवटच्या तीन नावांतील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, तिन्हींना पांढरा चीक असतो. चाफ्याचा चीक त्वचेला झोंबतो, पण कण्हेर व बिट्टी ही खऱ्या अर्थाने विषारी आहेत. बिट्टीच्या बीमधील विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते आणि त्याने मृत्यू ओढवू शकतो. त्याच बियांनी मुले खेळतात, हे खेड्यापाड्यांत सर्वश्रुत आहे. पिवळी फुले सुंदर दिसतात आणि झाडाला पाणी लागत नाही, या दोन गुणांमुळे ते शाळा व अंगणवाडीच्या आवारात वारंवार लावलेले आढळते. अशा ठिकाणी ते लावू नये. आधीच लावलेले असल्यास शिक्षकांनी फळे धरण्यापूर्वीच काढून टाकण्याची व्यवस्था करावी. कोणी बी खाल्ल्याचे कळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व सोबत झाडाची फांदी न्यावी, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटते.

रोप आणणे व लावणे

हैदराबादच्या पीपल्स प्लाझा मैदानावर भरणाऱ्या रोपवाटिकांच्या मेळ्यात व शहरातील दुकानांत येणारी बरीच रोपे पूर्व गोदावरी जिल्ह्यातील कडियम परिसरात तयार झालेली असतात. तो गोदावरीच्या मुखाकडचा, दमट हवेचा व मुबलक पाण्याचा प्रदेश आहे. तेथे वाढलेले टवटवीत रोप एकदम पठारावरच्या उन्हात लावले तर आठवड्यात मान टाकते. ते आणल्यावर तीन आठवडे सावलीत ठेवावे व ऊन हळूहळू वाढवावे. रोप चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असेल तर लावताना गोळ्याच्या कडा हलक्या हाताने मोकळ्या कराव्यात. अन्यथा पाणी गोळ्याबाहेरून निघून जाते आणि मुळे आत कोरडीच राहतात. फुललेले उंच रोप महाग पडते, जगण्याची शक्यता मात्र हातभर उंचीच्या निरोगी रोपाची अधिक असते.

खड्डा दोन फूट लांब, तितकाच रुंद व खोल असावा आणि तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा. वरची माती, गाळ, कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड यांनी तो भरावा. जूनमध्ये चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर लागवड करावी. पारिजातक व चाफा भिंतीपासून सहा ते आठ फुटांवर, मलकुंडी व पाण्याच्या टाकीपासून त्याहून दूर, आणि तारांच्या खाली पंधरा फुटांहून उंच जाणारे काहीही नको.

खरी कसोटी पहिल्या तीन उन्हाळ्यांची असते. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने मुळे वरच राहतात. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी सावकाश द्यावे व आळ्यात पालापाचोळ्याचे चार बोटे आच्छादन ठेवावे. पाण्याची टंचाई असेल तेथे रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, तळाच्या छिद्रात काकडा घालून, ते आठवड्यातून दोनदा भरावे. शाळेला सुट्टी लागते ती नेमकी मे महिन्यात, तेव्हा हे काम कोणाकडे राहील हे एप्रिलमध्येच ठरलेले असावे.

महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांतून पारिजातक, आपटा, कांचन, बहावा व सीताफळ यांसारखी रोपे पावसाळ्याच्या सुमारास उपलब्ध होत असतात. शाळा व ग्रामपंचायतींनी आपली मागणी जातींच्या नावांसह व संख्येसह मे महिन्याच्या आरंभी तालुक्याच्या कार्यालयाकडे नोंदवावी. जूनमध्ये गेलेल्यास जे उरले असेल ते घ्यावे लागते.